गुळाच्या बरोबरीची सून

देवीला बोललेला नवस लांबवला की देवी रागावते म्हणतात. गोदाआजींनी सुनेच्या वजनाइतक्या गुळाचा नवस वीस-बावीस वर्षं लांबवला, पण देवी काही रागावली नाही. उलट दरवर्षी थोडी खूशच होत गेली असावी, कारण सुनेचं वजन दरवर्षी वाढत होतं.

नवसाची हकिकत अशी. कमलावहिनी लग्न होऊन रत्नागिरीत आल्या आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. इतक्या वाळल्या, की नेसलेली साडी दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसायची. डॉक्टर झाले, झाडपाला झाला, उसाचा रस झाला. शेवटी गोदाआजी उठल्या, पावसच्या वाटेवर त्यांची वाडी आहे तिथल्या देवीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला बरी कर. हिच्या अंगावर मूठभर मांस येऊ दे. हिच्याएवढा गूळ तुझ्या पायरीवर घालीन."

देवीने ऐकलं. फक्त मूठ कुणाची, माणसाची की देवीची, हे बोलायचं राहून गेलं.

मूठभर मांस आलं तेव्हाच नवस फेडायचा. पण त्या वर्षी आंब्याचा मोहोर गळला. पुढच्या वर्षी घराची कौलं बदलायची निघाली. त्यानंतर गोदाआजींनाच चटक लागली. "अजून जरा अंग धरू दे हिला," त्या म्हणायच्या. "देवीला द्यायचं तर हात राखून कशाला?" आणि कमलावहिनींच्या पानात आणखी एक घावन पडायचं. कमलावहिनी खायच्या. सासू प्रेमाने वाढते आहे आणि त्यात देवीचाही फायदा आहे म्हटल्यावर नको म्हणणारी सून अजून कोकणात जन्मायची होती.

दोन हजार तीन सालच्या गणपतीत सगळं घर गोळा झालेलं असताना गोदाआजींनी जाहीर केलं, "येत्या चैत्री पौर्णिमेच्या उत्सवात नवस फेडून टाकणार. माझे आता किती दिवस राहिले?"

डोंबिवलीची जाऊ विमला मोदकाची पाकळी मोडत होती. ती म्हणाली, "आई, एवढा गूळ एका टेम्पोत मावेल ना? की दोन खेपा करायच्या?"

सगळे हसले. विमलाचे यजमान विनोद हसले, पोरं हसली, कमलावहिनींचे यजमान अण्णासुद्धा हसले. हसताना तोंडातला मोदक सांडू दिला नाही, एवढंच काय ते अण्णांनी बायकोसाठी केलं.

कमलावहिनी पानं उचलून मागच्या पडवीत गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. त्यांना दिसत होती ती देवळातली तागडी. सभामंडपाच्या तुळईला लोखंडी साखळ्यांनी टांगलेली, दोन्हीकडे दोन फळ्या. त्यांनी एकदाच एकाचा नवस फिटताना पाहिला होता. माणूस एका फळीवर बसतो, दुसऱ्या फळीवर ढेपा चढवतात आणि वाडीतली झाडून सगळी पोरं एका सुरात मोजतात. तो पाहिलेला माणूस आंब्याच्या काठीसारखा होता, पोरं लवकर थांबली होती. आपल्या वेळी पोरांचे घसे बसतील, आणि शेजारी विमला उभी असेल, हे कमलावहिनींना स्वच्छ दिसलं. चैत्राला अजून बरेच महिने होते.

तर त्यासाठी त्या मनस्विनी मॅडमच्या वजन उतरवायच्या वर्गाला गेल्या.

मनस्विनी पुण्याहून लग्न होऊन रत्नागिरीत आलेली. वय इतकं कमी, की पहिल्या दिवशी वर्गातल्या बायकांनी तिलाच विचारलं, "मॅडम कधी येणार गो?" वर्ग एका मंगल कार्यालयाच्या माडीवर भरायचा. जागा स्वस्त मिळाली, कारण खाली लग्न असलं की माडीवर धूर यायचा. वर बायका हात वर, हात खाली करत असायच्या आणि खालून जिलबीच्या तुपाचा वास जिना चढून यायचा. मनस्विनी म्हणायची, "याला आपण अडचण म्हणायचं नाही. याला आपण सराव म्हणायचं."

तिची पद्धत तीन पायांची होती. व्यायाम, आहार आणि मन. व्यायाम आणि आहार सगळेच शिकवतात, ती म्हणायची, पण दुपारी सगळे झोपल्यावर लाडवाचा डबा उघडणारा हात व्यायामाचाही नसतो आणि आहाराचाही नसतो. तो मनाचा असतो. म्हणून शनिवारचा तास मनाचा.

मनाच्या पहिल्याच तासाला तिने नकाराचा सराव घेतला. दोघीदोघींच्या जोड्या. एकीने आग्रह करायचा, दुसरीने ठाम नाही म्हणायचं. लाडू अर्थातच काल्पनिक. मॅडम पुण्याच्या, आग्रहाची मर्यादा ठाऊक असलेल्या. इथे चिमाताई नावाच्या एक बाई होत्या. त्यांनी हवेतल्या ताटातला हवेतला लाडू उचलून कमलावहिनींच्या तोंडाशी नेला. "घ्या हो. डिंकाचा आहे. पहाटे उठून केलाय."

"नको," कमलावहिनी म्हणाल्या.

"एकच."

"खरंच नको."

"माझी शपथ."

"नको म्हटलं ना, चिमाताई."

चिमाताईंचा हात खाली आला. चेहराही उतरला. "बरं," त्या म्हणाल्या, "आमच्या हातचं नाही आवडत तर राहिलं." त्यानंतर दोन शनिवार त्या कमलावहिनींशी बोलल्या नाहीत. शेवटी कमलावहिनींनी वाटेत गाठून त्यांची माफी मागितली आणि लाडू उत्तम दिसत होता असं सांगितलं, तेव्हा कुठे मिटलं.

दुसरा सराव आरशाचा होता. रोज सकाळी आरशात बघून स्वतःला मोठ्याने म्हणायचं, मी मला आवडते. कमलावहिनींनी न्हाणीघराची कडी लावली, कोनाड्यातल्या आरशाकडे बघितलं आणि म्हणाल्या. बाहेरून अण्णांचा आवाज आला, "आत कोण आहे?"

"मीच."

"आणि दुसरं कोण?"

घरी अर्थात यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कमलावहिनी भजनी मंडळाला जातात, असं घरी सांगितलेलं. घामाने निथळत परत आल्या की गोदाआजी झोपाळ्यावरून विचारायच्या, "कसलं भजन म्हणता गो एवढं?"

"टाळ जड आहेत, आई."

पण कमलावहिनींना खरं धरून ठेवलं ते मनस्विनीच्या एका प्रश्नाने. खायच्या आधी स्वतःला विचारा, ती म्हणाली होती, की मला भूक लागलीय, की कुणाला बरं वाटावं म्हणून मी खातेय? कमलावहिनींनी आठवडाभर प्रामाणिकपणे विचारून पाहिलं आणि त्या चकित झाल्या. सकाळचं दुसरं घावन सासूसाठी होतं. दुपारचा ताकभात, वाया जायला नको म्हणून, म्हणजे पातेल्यासाठी होता. चारची भाकरी मोलकरणीला सोबत म्हणून. रात्रीचा आंबावडीचा तुकडा अण्णा एकटे खाताना ओशाळतात म्हणून. स्वतःच्या भुकेसाठी त्या गेल्या कित्येक वर्षांत जेवल्याच नव्हत्या. तरी हे एवढं झालं होतं!

त्या कमी खाऊ लागल्या. पहाटे मांडवीच्या बंदरापर्यंत चालू लागल्या. पहिल्यांदा जाताना चालत आणि येताना रिक्षाने, मग दोन्ही वेळा चालत. थंडी पडेपर्यंत ब्लाउज आत घ्यायला टाकायची वेळ आली. आणि मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी बायकांना वाण देताना त्यांनी हात वर केला, तर पाटल्या मनगटावरून सुटून थेट कोपरापर्यंत गेल्या.

गोदाआजींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कमलावहिनींना खिडकीपाशी उजेडात नेलं, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"काय शोधताय, आई?"

"काही नाही. जीभ दाखव."

हे रोज सुरू झालं. आठ दिवसांनी कमलावहिनींनी कंटाळून सगळं सांगून टाकलं. भजन नाही, वर्ग आहे. टाळ नाहीत, उड्या आहेत. चैत्रापर्यंत जमेल तेवढं कमी करायचं आहे.

गोदाआजी झोपाळ्यावरून उतरल्या. "म्हणजे देवीच्या तोंडचा गूळ काढतेस?"

"तसं नाही, आई."

"मग कसं? तिने दिलेलं तू खाली उड्या मारून सांडतेस आणि वर विचारतेस कसं?" आणि त्यांनी तडक वाडीत फोन लावला.

फोन आप्पांनी घेतला. आप्पा देवस्थानच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी यंदाच्या उत्सवाची सगळी खीर कमलावहिनींच्या वजनाच्या गुळावर धरली होती. गणपतीत घरी आले असताना त्यांनी वहिनींना डोळ्यांनीच जोखून ठेवलं होतं, आणि बागायतदार माणूस, पेटी बघून फळ सांगणारा, त्याची नजर चुकायची नाही. वहिनी उतरताहेत हे ऐकून त्यांनी कमिटी बोलावली. देवीच्या मालमत्तेला गळती लागली आहे, यावर एकमत झालं. गळती कशी थांबवायची, यावर त्याहून लवकर एकमत झालं.

त्या महिन्यात कमलावहिनींना वाडीतून इतकी आमंत्रणं आली, जितकी लग्नानंतरच्या वर्षातही आली नव्हती. डोहाळजेवण आलं. बोरन्हाण आलं. एका घरी गाय व्याली म्हणून खरवस आला, आणि दुसऱ्या घरी गाय व्यालीच नव्हती, तरी खरवस आला. आप्पा स्वतः एसटीने फणसपोळ्या घेऊन आले आणि समोर बसून राहिले. "खा हो वहिनी. आमचं काय, आम्ही देवीचे नोकर."

शनिवारी कमलावहिनींनी हे वर्गात सांगितलं. सगळ्या बायका हसल्या. मनस्विनी हसली नाही. तिने विचारलं, "कमलाताई, पण तुम्ही बारीक कुणासाठी होताय?"

"जावेसाठी," कमलावहिनी म्हणाल्या.

खाली कुठल्याशा लग्नात मंगलाष्टकं चालली होती. मनस्विनी म्हणाली, "हे कारण चांगलं नाहीये. पण सुरुवातीला चालेल."

फाल्गुन संपता संपता ते कारण कुठेतरी मांडवीच्या वाटेवर पडून गेलं. कमलावहिनींच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांना माडीचा जिना चढताना कठडा लागेनासा झाला, आणि वाटेवरचा वाणी थांबवून बोलत असला तरी समुद्राचा वारा घ्यायला त्या पुढे निघून जायला लागल्या. राहिली ती फक्त तागडीची भीती. ती मात्र जशीच्या तशी होती. वजन कमी झालं तरी बसायचं चारचौघांतच होतं. त्यात आता अर्धी वाडी आपल्याला देवीच्या गुळाची चोर समजते, आणि घरात सासू बोलायची बंद झालेली. रोज पापणी तेवढी ओढायची.

चैत्री पौर्णिमेला सगळे वाडीत गेले. अण्णा आंब्याची काढणी अर्धी टाकून आले होते आणि तसं दर दहा मिनिटांनी सांगत होते. डोंबिवलीहून विमला आली, गळ्यात कॅमेरा. मनस्विनी मॅडम आणि वर्गातल्या बायका टेम्पोने आल्या. मॅडमच्या गळ्यात शिट्टी होती. देवळाच्या पायरीवर ढेपांची रास लागलेली. आप्पांनी ती जुन्या अंदाजाने आणवली होती, आणि पोरं तिच्याभोवती आधीच तालीम करत होती.

पण तागडीला हात लावायच्या आधी आप्पांनी मुद्दा काढला. "नवस बोलला त्याला वर्षं झाली. मधे वजन चढलं. आता उतरलं. देवीचा हक्क कुठल्या वजनावर? चढल्या की उतरल्या? आपण कोण ठरवणार? कौल लावा."

शिवा गुरवाने फुलांच्या पाकळ्या ओल्या केल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळे हात जोडून उभे राहिले. शिवाने गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे आये, ह्या सुनेच्या आजच्या वजनाचा गूळ तुला मान्य आसंल तर उजवी दे, नाय तर डावी दे!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

पाकळी हलेना. पंधरा मिनिटं गेली. पंखा बंद केला. अर्धा तास गेला. कौल मिळाल्याशिवाय कोणी पाणीही प्यायचं नाही, असा तिथला शिरस्ता. उसन्या गुळावर चढवलेली पहिली खीर मागे चुलीवर घट्ट होत होती. "हिचं वजन अजून उतरत असणार," अण्णा हळूच म्हणाले.

तेवढ्यात गोदाआजी पुढे झाल्या. शिवाला त्यांनी कोपराने बाजूला सारलं. आता देवीकडे सुनेची तक्रार होणार म्हणून कमलावहिनींनी डोळे मिटले.

"बाय," गोदाआजी म्हणाल्या, "मला गुळाचं काही नको. तो घे, नको घेऊस, तुझं तू बघ. मला एवढंच सांग. तेव्हा ही माझी पोर तू मला परत दिलीस. आता थोडी थोडी करून परत नेतेस का? मी रोज डोळा बघते हिचा. पिवळा नाही दिसत, पण मला कमी दिसतं. न्यायचीच असेल कुणाला तर मला ने. मी हलकी आहे. तुला ओझं नाही व्हायचं."

वाडी "व्हय म्हाराजा" म्हणायलाही विसरली. कमलावहिनींनी डोळे उघडले. सासू एवढे दिवस पापणीखाली काय शोधत होती, ते त्यांना आत्ता कळलं.

आणि टपकन उजवी पाकळी पडली.

"उजवी! उजवी!" पोरं ओरडली.

"होय म्हणाली," आप्पा म्हणाले. "पण कशाला?"

सगळ्यांनी गोदाआजींकडे पाहिलं. शेवटचा विषय त्यांना न्यायचा चालला होता. गोदाआजी जरा मागे सरकल्या. "मी आपलं बोलण्याच्या भरात म्हटलं," त्या म्हणाल्या.

शिवाने डोकं खाजवलं. तीन पिढ्यांच्या गुरवकीत असा पेच आला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "ज्येचा नंबर आधी, त्येचा कौल आधी. आधी मी इचारलेलं. आजच्या वजनाचा गूळ मान्य. आजीचा परश्न देवीन आजून घेतलेलाच नाय." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. गोदाआजींनी सगळ्यांत मोठा.

आता तागडी. फळी चांगली कमरेएवढी उंच. अण्णा पाट आणायला धावले, दोन गडी हात द्यायला पुढे आले. कमलावहिनींनी पदर खोचला, तळवे फळीवर टेकवले आणि एका उडीत वर जाऊन बसल्या. मनस्विनीने नकळत शिट्टी वाजवली.

"पडशील गो!" गोदाआजी ओरडल्या.

कमलावहिनींची फळी खाली गेली, दुसरीवर ढेपा चढू लागल्या. पोरं मोजू लागली. कमलावहिनींनी वाटलं होतं तशी मान खाली घातली नाही. त्या समोर बघत राहिल्या, आणि समोर होती ती सासू. पदराचं टोक तोंडात धरून प्रत्येक ढेपेसरशी श्वास रोखणारी. आपली सून किती उरली आहे, हे ती मोजत होती. मग कमलावहिनींना आकडा मोठा झाला तरी चालेल असं वाटू लागलं. तो किती झाला ते मी सांगत नाही. वाडीतल्या कुठल्याही पोराला विचारा, झोपेतून उठून सांगेल. विमलाने मात्र दोन वेळा बोटांवर ताळा केला आणि दोन्ही वेळा गप्प राहिली.

शेवटची ढेप चढली आणि घोळ झाला. ती ठेवली की गुळाची बाजू जराशी खाली, काढली की कमलावहिनींची बरीच खाली. मधे काही नाही. आणि फोडलेली ढेप देवीला चालत नाही.

"राहू दे की तशीच," आप्पा उदार होऊन म्हणाले. "थोडा देवीकडे जास्त गेला."

"काटा समोर आल्याशिवाय नवस फिटत नाही," गोदाआजी म्हणाल्या. "हिच्या बाजूला घाला काहीतरी."

एकाने नारळ पुढे केला. शिवाने हात आडवा केला. नवस बाईच्या वजनाचा, नारळाच्या नाही. बाईच्या अंगात जे असेल तेच धरायचं.

"मग घाला अंगात," गोदाआजी म्हणाल्या. "खीर आणा रे!"

पोरं धावली. त्यांच्याआधी मनस्विनी धावली. "खीर नको! शहाळं द्या! पाण्याला पण वजन असतं!"

"शहाळ्याने काय होतंय? खीर अंगी लागते!"

"आजी, अंगी लागायला नकोच आहे, नुसती आत जायला हवी आहे!"

वाडी खिरीच्या बाजूने झाली, वर्ग शहाळ्याच्या. चिमाताई थोडा वेळ डळमळल्या आणि खिरीकडे गेल्या. खिरीची वाटी एका बाजूने आली, सोललेलं शहाळं दुसऱ्या बाजूने. दोन्ही कमलावहिनींच्या तोंडापाशी येऊन थांबलं. वाटी नुसती मांडीवर ठेवली तरी भागेल, असं विनोद म्हणाले. त्यांना डोंबिवलीचे म्हणून कोणी उत्तर दिलं नाही.

कमलावहिनी हवेत किंचित झुलत होत्या. त्यांनी वाटीकडे बघितलं, शहाळ्याकडे बघितलं. मग स्वतःला शनिवारचा प्रश्न विचारला. सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. "मला भूक लागली आहे," त्या जरा नवलाने म्हणाल्या. "खरीखुरी. आई, खीर तुम्ही भरवा. पण एक वाटी. त्यावर शहाळं. मी सांगेन तेव्हा थांबायचं."

मनस्विनीने शहाळ्याचा हात जरा खाली घेतला. असं उत्तर तिच्या कुठल्याच तासात नव्हतं, पण चुकीचंही नव्हतं.

गोदाआजींनी भरवली. एक शीत सांडू दिलं नाही. बऱ्याच महिन्यांनी सुनेच्या घशातून आपल्या हातचं काहीतरी खाली जाताना त्या बघत होत्या. वाटी संपली, शहाळं झालं, दुसरं शहाळं निम्मं झालं आणि काटा सरळ उभा राहिला.

"फिटला गोऽ फिटला!" शिवाने आरोळी ठोकली.

ढेपा उतरवल्या, कमलावहिनी उतरल्या, आणि मंडळी वाटी-चमच्यांसह खिरीकडे वळली. गोदाआजी मात्र मागे राहिल्या. गुळाच्या फळीवर चुरा पडला होता, देवीचा कणही वाया जायला नको. मान मोडून वेचणं जमेना, म्हणून ढेपा उतरवताना खालून टेकू दिलेल्या त्या फळीवरच त्या टेकल्या आणि पदरात एकेक कण गोळा करू लागल्या.

तेवढ्यात विमला कॅमेरा घेऊन आली. "वहिनी, फोटो राहिला! बसा ना परत. खरंच हो, मला तर ओळखूच येईना तुम्ही."

कमलावहिनी वळल्या, तळवे टेकवले आणि उडी मारून बसल्या. त्यांची फळी खाली आली, आणि तागडीचा धर्म असल्यामुळे दुसरी वर गेली. झपकन गेली. गोदाआजी पदरातल्या गुळासह तुळईच्या खाली जाऊन पोचल्या, आणि दोन्ही हातांनी साखळी धरून बसल्या.

"कमळे! उतर आधी!"

"उतरले तर तुम्ही आपटाल, आई. जरा थांबा."

"आता मला खरंच नेते की काय गो ही!" गोदाआजी देवीकडे बघून म्हणाल्या. "नंबर लागला वाटतं माझा!"

गडी खिरीवर गेलेले. अण्णा पाट शोधायला गेले ते आंब्याच्या भावात अडकले. विमला फोटो काढायचं सोडून तोंडाला हात लावून उभी. कमलावहिनी खाली बसून वर सासूकडे बघत होत्या. सासूचे पाय लोंबत होते. घोटे काटक्यांसारखे. आजवर हे आपण कसं पाहिलं नाही? ही बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर काय जेवते, कुठे बसून जेवते, कधी जेवते, हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं.

"आई, आज सकाळपासून तुम्ही काय खाल्लंत?"

"मला नाही लागत काही."

"आणि काल?"

गोदाआजींनी साखळी आणखी घट्ट धरली.

"विमल," कमलावहिनी म्हणाल्या, "खीर आण. मोठी वाटी. वर तूप घाल."

"नको गो, मला नको, मला सोसत नाही," गोदाआजी म्हणाल्या.

"तुम्हाला खाली यायचंय ना?"

विमला खिरीबरोबर पाटही घेऊन आली, त्यावर चढली, टाचा उंच केल्या, चमचा वर धरला. गोदाआजींनी आधी तोंड फिरवलं. मग खाली बघितलं. खाली सून फळीवर मांडी ठोकून अशी बसली होती, की आज संध्याकाळपर्यंत उठायचा विचार दिसत नव्हता. गोदाआजींनी तोंड उघडलं. दोन चमचे गेले. तिसरा गेला. तागडी तसूभरही हलली नाही.

"अजून किती खायची गो?" वरून विचारणा झाली.

"खात राहा," कमलावहिनी म्हणाल्या. "मला घाई नाही."